ईरे : लॅटिनमधलं ‘जाणं’

लॅटिनमध्ये ‘जाणं’ या अर्थाचं मूळ क्रियापद आहे ‘ईरे’. अर्थ सोपा, वापर पानोपानी, आणि तरीही नवा वाचक याच्यावर हमखास अडखळतो. याचं कारण रूपांचा आखूडपणा. ‘ई’, ‘इत्’, ‘एओ’, ‘इई’ अशी एका-दोन अक्षरांची रूपं सर्वनामांसारखी किंवा अव्ययांसारखी दिसतात, डोळा त्यांच्यावरून घसरतो आणि मग वाक्यात क्रियापदच सापडत नाही. माझं ठाम मत आहे की मराठी वाचकाला हे क्रियापद इंग्रजी पाठ्यपुस्तकापेक्षा आपल्या ‘जाणं’वरून आणि संस्कृतच्या ‘एति’वरून लवकर समजतं. एक-दोन ठिकाणी मात्र मराठीच दगा देते. ती ठिकाणंही खाली येतील.

आधी लेखनाबद्दल. इथे लॅटिन शब्द देवनागरीत लिहिले आहेत. इ-ई आणि उ-ऊ यांतला ऱ्हस्व-दीर्घ भेद मुद्दाम नेमका ठेवला आहे, कारण ‘ईरे’च्या बाबतीत त्यावर बरंच अवलंबून असतं. ‘आ’, ‘ए’, ‘ओ’ यांची लांबी मात्र या लिपीत वेगळी दिसणार नाही. ‘क’ सगळीकडे कठोर. माणसांची नावं मराठीत रुळली आहेत तशीच.

कोशात हे क्रियापद चार रूपांनी दिलेलं असतं: एओ (मी जातो), ईरे (जाणं), इई किंवा ईवी (मी गेलो), इतुम् (जायला). वर्तमानकाळ असा:

एओ, ईस्, इत् (मी, तू, तो)
ईमुस्, ईतिस्, एउन्त् (आम्ही, तुम्ही, ते)

याच्याशेजारी संस्कृत ‘इ’ धातूचा वर्तमानकाळ ठेवून पाहा: एमि, एषि, एति, इमः, इथ, यन्ति. ‘इमः’ आणि ‘ईमुस्’, ‘इथ’ आणि ‘ईतिस्’, ‘यन्ति’ आणि ‘एउन्त्’ ही साम्यं योगायोगाची नाहीत. दोन्ही भाषांत तोच इंडो-युरोपीय धातू आहे. संस्कृतमध्ये एकवचनात ‘ए’ आणि अनेकवचनात ‘इ’ अशी वाटणी टिकली. लॅटिनने ती मोडून वेगळी केली, आणि तीच पाठ करायची गोष्ट आहे: पुढे आ, ओ किंवा उ आला तर धातू ‘ए’ होतो, एरवी तो ‘इ’ किंवा ‘ई’ असतो. म्हणून एओ, एउन्त्, एआम् (मी जावं), एआत् (त्याने जावं), एउन्दुम् (जायचं), आणि बाकी सगळीकडे इ. हा एक नियम हाताशी असला की जवळजवळ सगळा तक्ता स्वतः बांधता येतो.

अपूर्ण भूतकाळ ईबाम्, ईबास्, ईबात्. भविष्यकाळ ईबो, ईबिस्, ईबित्, शेवटी ईबुन्त्. इथे चूक कुठे होते ते सांगतो. शेवटी ‘ईरे’ दिसतं म्हणून शिकणारा याला चौथ्या गणात (लॅटिन क्रियापदं ज्या चार गटांत चालतात त्यांतल्या शेवटच्या) टाकतो आणि ‘आउदीरे’ (ऐकणं) च्या चालीवर रूपं बनवतो. आउदीरेचा अपूर्ण भूत आउदिएबाम् आणि भविष्य आउदिआम्. त्या मापाने ‘इएबाम्’ किंवा ‘इआम्’ अशी रूपं तयार होतात, आणि ती लॅटिनमध्ये नाहीत. ईरेचा भविष्यकाळ पहिल्या-दुसऱ्या गणासारखा ‘बो’ने होतो. गणांच्या चौकटीत हे क्रियापद बसत नाही आणि बसवू नये.

पूर्ण भूतकाळात ‘ईवी’ हे रूप व्याकरणात दिलेलं असलं तरी वाचनात बहुतेक वेळा ‘व’ गळालेलं रूपच भेटतं: इई, इइत्, इएरुन्त्. पुढे ‘स्’ आला की दोन इकार मिळून एक दीर्घ ईकार होतो: ईस्ती (तू गेलास), ईस्से (गेलेलं असणं), ईस्सेत्. हे ‘ईस्सेत्’ घाईत ‘एस्सेत्’ (असता) असं वाचलं जातं आणि वाक्य फिरतं. पहिलं अक्षर पाहायची सवय लावून घ्यावी. तसंच ‘आबित्’ म्हणजे तो निघून जातो आणि ‘आबिइत्’ म्हणजे तो निघून गेला. फरक एका इकाराचा, पण काळ बदलतो.

आज्ञार्थ एकवचनी नुसता ‘ई’: जा. अनेकवचनी ‘ईते’: जा सगळे. कायद्याच्या भाषेत याचा आणखी एक आज्ञार्थ येतो, ‘ईतो’, म्हणजे ‘त्याने जावं’. रोमच्या बारा फलकांच्या कायद्याची (इ.स.पू. ४५१–४५०) सुरुवात याच शब्दावर होते: ‘सी इन् यूस् वोकात्, ईतो. नी इत्, आन्तेस्तामिनो. इगितुर् एम् कापितो.’ अर्थ असा: न्यायासमोर बोलावलं तर जावं, गेला नाही तर साक्षीदार करावेत, मग त्याला धरावं. या तीन वाक्यांत कर्ता एकदाही सांगितलेला नाही. ‘वोकात्’चा कर्ता फिर्यादी, ‘ईतो’चा आरोपी, ‘इत्’चाही आरोपी, आणि पुढच्या दोन्ही आज्ञा पुन्हा फिर्यादीला. ‘इत्’ हे दोन अक्षरी रूप नजरेतून सुटलं तर ‘नी’ (जर नाही) हा शब्द लोंबकळत राहतो आणि पुढचं काहीच जुळत नाही. आखूड रूपं कशी घात करतात याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

वर्तमान धातुसाधित एकवचनात ‘इएन्स्’ (जाणारा, जाताना), पण त्यापुढची सगळी रूपं ‘एउन्त्’वरून: एउन्तिस्, एउन्तेम्, एउन्तेस्. उपसर्ग लागला तरी हेच. परत येणारा तो ‘रेदिएन्स्’, परत येणाऱ्याला ‘रेदेउन्तेम्’. ‘रेदिएन्तेम्’ ही लिहिताना सर्रास होणारी चूक आहे.

आता सारख्या दिसणाऱ्या शब्दांचा गुंता. ‘इस्’ म्हणजे ‘तो’ हे सर्वनाम लॅटिनमध्ये सतत वापरात असतं, आणि त्याची बरीच रूपं ईरेच्या रूपांवर येऊन आदळतात.

‘एओ’ घ्या. ते ‘मी जातो’ असू शकतं, ‘तिकडे’ हे अव्यय असू शकतं, ‘त्याने, त्यायोगे’ असं सर्वनामाचं रूपही असू शकतं. तिन्हींचं लेखन एक, उच्चारही एक. ‘एओ एओ’ म्हणजे ‘मी तिकडे जातो’ हे व्याकरणदृष्ट्या निर्दोष वाक्य आहे. सोडवणूक अशी करावी: आधी वाक्यात दुसरं पूर्ण क्रियापद आहे का ते शोधावं. असेल आणि मध्ये जोडणारा शब्द नसेल, तर ‘एओ’ क्रियापद नाही. शेजारी ‘मागिस्’ (अधिक) किंवा तरभाव दाखवणारं विशेषण असेल तर ‘एओ’चा अर्थ ‘तितकंच जास्त’ असा होतो, आणि अशा वाक्यात आधी ‘क्वो’ (जितकं) बहुधा सापडतं. पुढे ‘क्वोद्’ (कारण) आलं तर ‘एओ’ म्हणजे ‘त्या कारणाने’. गद्यात हे अव्यय आणि सर्वनामच जास्त भेटतं. ‘मी जातो’ बहुतकरून संवादांत, पत्रांत, नाटकांत.

‘एआम्’ म्हणजे ‘मी जावं’ किंवा ‘तिला’. ‘एआस्’ म्हणजे ‘तू जावंस’ किंवा ‘त्यांना’ (स्त्रिया किंवा स्त्रीलिंगी वस्तू). ‘इई’ म्हणजे ‘मी गेलो’ किंवा ‘ते’. इथेही कसोटी तीच. वाक्यातल्या मुख्य क्रियापदाला कर्म हवं आहे का? हवं असेल आणि दुसरं कर्म नसेल तर ‘एआम्’ हे सर्वनाम. आधी ‘उत्’ (व्हावं म्हणून) किंवा ‘ने’ (होऊ नये म्हणून) आलं असेल आणि त्या उपवाक्याला दुसरं क्रियापद नसेल तर ते क्रियापद. ‘ईस्’ (तू जातोस) आणि ‘इस्’ (तो) यांत फरक फक्त दीर्घ-ऱ्हस्वाचा, आणि छापील लॅटिनमध्ये तो बहुधा दाखवलेलाच नसतो. पण ‘क्वो’ या प्रश्नानंतर आलं, ‘क्वो ईस्?’ असं, तर ते क्रियापदच: कुठे निघालास?

आता जाण्याचं ठिकाण. इथे मराठी दगा देते. आपण ‘घरी आहे’ म्हणतो आणि ‘घरी जातो’ही म्हणतो, ‘गावी राहतो’ आणि ‘गावी जातो’ही. एकाच सप्तमीने दोन्ही कामं होतात. लॅटिन ती वेगळी ठेवते. ‘घरी आहे’ला ‘दोमी’, ‘घरी जातो’ला ‘दोमुम्’. ‘खेड्यात आहे’ला ‘रूरी’, ‘खेड्याकडे जातो’ला ‘रूस्’. ‘रोममध्ये’ म्हणजे ‘रोमाए’, ‘रोमला’ म्हणजे ‘रोमाम्’. मराठी सवयीने ‘दोमी एओ’ किंवा ‘रोमाए एओ’ लिहिलं जातं. दोन्ही चूक. जाण्याच्या क्रियापदाबरोबर द्वितीया लागते.

शहरांची नावं, छोटी बेटं (डेलोस, ऱ्होड्स), ‘दोमुस्’ आणि ‘रूस्’ यांच्या द्वितीयेला शब्दयोगी अव्यय लागत नाही. बाकी सगळ्याला ‘आद्’ (कडे, पर्यंत) किंवा ‘इन्’ (आत) लागतं: इन् इतालिआम्, इन् सिकिलिआम्, आद् फ्लूमेन् (नदीकडे). माणसाकडे जायचं असेल तर नेहमी ‘आद्’. शहराच्या नावाला ‘आद्’ लावला तर अर्थ बदलतो. ‘रोमाम्’ म्हणजे रोमला, ‘आद् रोमाम्’ म्हणजे रोमच्या आसपास, वेशीपर्यंत. सैन्य कुठवर आलं हे वाचताना या फरकाला फार महत्त्व येतं. कवी मात्र हे नियम सैल सोडतात आणि देशांच्या नावांनाही नुसती द्वितीया लावतात, तेव्हा कवितेवरून गद्याचा नियम बांधू नये.

ज्या वाटेने जायचं ती वाट तृतीयेसारख्या अर्थाने ॲब्लेटिव्ह (‘-ने, -हून’ अर्थाच्या) विभक्तीत येते. रोमन कवी होरेसच्या एका प्रसिद्ध सटायरची (उपहासकवितेची) सुरुवात ‘ईबाम् फोर्ते विआ साक्रा’ अशी आहे, म्हणजे ‘मी सहज पवित्र मार्गाने चाललो होतो’. इथे ‘विआ साक्रा’ला प्रथमा समजलं तर रस्ताच चालू लागतो. अपूर्ण भूतकाळातलं ‘ईबाम्’ उत्तमपुरुषी आहे, तेव्हा रस्ता कर्ता असूच शकत नाही.

कशासाठी जायचं, हे सांगायची लॅटिनची रीत मराठी माणसाला घरची वाटावी अशी आहे. ‘झोपायला जातो’, ‘खेळायला जातो’ यात आपण जसं ‘-आयला’ वापरतो, तसं लॅटिन ‘-तुम्’ किंवा ‘-सुम्’वर संपणारं सुपाइन वापरते: दोर्मीतुम् ईरे (झोपायला जाणं), कुबितुम् ईरे (आडवं व्हायला जाणं), लूसुम् ईरे (खेळायला जाणं). प्रवासवर्णनाच्या सटायरमध्ये होरेस एका ओळीत दोन सुपाइन ठेवतो: ‘लूसुम् इत् माएकेनास्, दोर्मीतुम् एगो वेर्गिलिउस्क्वे’. माएकेनास खेळायला जातो, मी आणि व्हर्जिल झोपायला. क्रियापद एकदाच, एकवचनात, ‘इत्’. दुसऱ्या भागात ते मनाने भरायचं. इंग्रजीतून शिकणाऱ्याला सुपाइन हा विचित्र प्रकार वाटतो. आपल्याला तो ‘-आयला’ म्हणून एकदा सांगितला की पुरतो. अट एकच: सुपाइन हे गतिवाचक क्रियापदाबरोबरच चालतं. ‘मला खेळायला आवडतं’ इथे लॅटिन सुपाइन वापरणार नाही.

‘मला जायचं आहे’ याचीही जोडी तयार आहे: ‘मिही एउन्दुम् एस्त्’. मिही म्हणजे मला, एउन्दुम् म्हणजे जायचं, एस्त् म्हणजे आहे. शब्दाला शब्द, विभक्तीला विभक्ती, आणि दोन्हीकडे क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी. छटेत थोडा फरक आहे: लॅटिनमध्ये इच्छेपेक्षा भाग पडण्याचा अर्थ ठळक, म्हणजे ‘जायला हवं, जावं लागणार’.

याच वाटेने पुढे गेलं की ईरेचा सगळ्यात रोचक भाग येतो. जाणं अकर्मक आहे, तेव्हा त्याला कर्मणी प्रयोग असू नये. पण लॅटिनमध्ये ‘ईतुर्’ आणि ‘इतुम् एस्त्’ अशी रूपं सर्रास आढळतात. हा भावे प्रयोग. कर्ता सांगायचा नसतो, क्रिया तेवढी सांगायची असते, आणि क्रियापद तृतीयपुरुषी एकवचनात राहतं. व्हर्जिलच्या ‘सीक् ईतुर् आद् आस्त्रा’चा अर्थ ‘असं ताऱ्यांपर्यंत जाता येतं’, ‘ताऱ्यांकडे जातात ते असे’. ‘तो ताऱ्यांकडे जातो’ असा अर्थ करणं चूक. ‘इतुर् इन् आन्तीक्वाम् सिल्वाम्’ असं कुठे ऱ्हस्वाने छापलेलं दिसलं तरी वाचताना ‘ईतुर्’ असंच वाचावं: प्राचीन अरण्यात शिरणं होतं, म्हणजे सगळे अरण्यात शिरतात. ओव्हिड लोहयुगातल्या माणसांच्या खाणकामाबद्दल लिहितो, ‘इतुम् एस्त् इन् विस्केरा तेर्राए’. पृथ्वीच्या आतड्यांत उतरणं झालं. कोण उतरलं हे तो सांगत नाही. सगळी मानवजातच कर्ता आहे. भाषांतर करताना मराठीत ‘माणसं’ किंवा ‘लोक’ घालावं, किंवा ‘जाणं झालं’ असा नामाचा आधार घ्यावा. ‘जाऊन गेलं गेलं’ असल्या कसरती नकोत.

‘ईरी’ हे याच भावे प्रयोगाचं अनन्त रूप (‘ईरे’सारखं, ‘-णं’ अर्थाचं रूप), आणि त्याचा एक खास उपयोग आहे. सुपाइन अधिक ईरी मिळून भविष्यकाळी कर्मणी अनन्त रूप होतं: दातुम् ईरी, ‘दिलं जाणार असणं’. तेरेन्सच्या ‘हेकिरा’ नाटकाच्या प्रस्तावनेत ‘रूमोर् वेनित् दातुम् ईरी ग्लादिआतोरेस्’ असं येतं: ग्लॅडिएटर दाखवले जाणार अशी आवई उठली. मराठीतही ‘दिले जातील’मध्ये ‘जाणं’ आलं, म्हणून दोन्ही रचना एकच आहेत असं वाटतं. तशा त्या नाहीत. मराठीत ‘दिला जाईल, दिली जाईल, दिले जातील’ असं रूप कर्माप्रमाणे बदलतं. लॅटिनमध्ये ‘दातुम्’ कधीच बदलत नाही, कारण ते धातुसाधित विशेषण नसून सुपाइन आहे. मूळ जुळणी अशी आहे: ‘ग्लॅडिएटर द्यायला जाणं चालू आहे’. ग्लॅडिएटर हे ‘दातुम्’चं कर्म. म्हणून स्त्री असो, अनेकजण असोत, ‘-तुम्’ तसंच राहतं. ते ‘-ताम्’ किंवा ‘-तोस्’ करणं ही परीक्षेतली ठरलेली चूक. हे रूप लॅटिन लेखक स्वतःही फारसं वापरत नाहीत, ‘फोरे उत्’ (असं होईल की) या वळणाने काम भागवतात.

‘जाणं’ वापरून कर्मणी अर्थ आणायची खोड लॅटिनला इतरत्रही आहे. ‘वेनुम् ईरे’ म्हणजे विक्रीला जाणं, तेच जुळून ‘वेनीरे’ झालं आणि ‘वेन्देरे’ (विकणं) याचं कर्मणी रूप म्हणून वापरात आलं: विकलं जाणं. त्याच्या शेजारी ‘येणं’ या अर्थाचं ‘वेनीरे’ आहे. लिहिताना दोन्ही एकच, उच्चारात पहिल्या ‘ए’ची लांबी वेगळी. वर्तमानात ओळख सोपी: ‘वेनेओ, वेनेउन्त्’ हे विकलं जाण्याचं, ‘वेनिओ, वेनिउन्त्’ हे येण्याचं. भविष्यातही ‘वेनीबित्’ विरुद्ध ‘वेनिएत्’. बाजार, गुलाम, लिलाव, किंमत असा विषय चालू असेल तर आधी विक्रीचा अर्थ तपासावा.

तसंच ‘पेरीरे’. नाश पावणं, वाया जाणं. ‘पेर्देरे’ (नासवणं, गमावणं) याच्या कर्मणी अर्थाची जागा हेच भरतं. विनोदी नाटकांत पात्रं घडोघडी ‘पेरिई!’ म्हणून ओरडतात आणि त्याचं मराठी भाषांतर एकच: ‘मेलो!’ प्लॉटसचा कंजूस म्हातारा सोन्याचं मडकं हरवल्यावर ‘पेरिई, इन्तेरिई, ओक्किदी’ असा आकांत करतो. तीनपैकी पहिली दोन ईरेच्या घराण्यातली.

उपसर्ग लावून झालेल्या क्रियापदांचा पसारा मोठा आहे. सगळी देत नाही, जिथे अर्थ लांब गेला ती सांगतो. ‘इनीरे’, आत जाणं, यावरून सुरू करणं: कोन्सिलिउम् इनीरे म्हणजे बेत आखणं, आणि ‘इनेउन्ते वेरे’ म्हणजे वसंताच्या प्रारंभी. ‘इनितिउम्’, आरंभ, याच्यातूनच निघालं. ‘ओबीरे’, सामोरं जाणं, यावरून काम उरकणं आणि ‘मोर्तेम् ओबीरे’, मरण पावणं. सूर्याचं अस्तास जाणंही हेच. ‘सुबीरे’, खाली जाणं, अंगावर घेणं, सोसणं. न कळत आलेलं म्हणून ‘सुबितुस्’, अचानक. ‘प्राएतेरीरे’, ओलांडून जाणं आणि म्हणून वगळणं. त्याच्या ‘प्राएतेरितुस्’चा अर्थ गेलेला, भूतकाळचा. आपला ‘अतीत’ म्हणजे अति अधिक इत, अगदी तशीच जुळणी. ‘कोमितिआ’ ही रोमन लोकसभा ‘एकत्र’ आणि ‘जाणं’ यांतून झाली, आणि आपली ‘समिती’ सम् अधिक इ यांतून. उदय, उपाय, व्यय, अन्वय, पर्याय, अध्याय हे सगळे शब्द याच ‘इ’चे आहेत. ज्याला ही यादी माहीत आहे त्याला लॅटिन उपसर्गांचा खेळ नवा वाटायचं कारण नाही.

‘आम्बीरे’ वेगळं पाडून लक्षात ठेवावं, कारण घराण्यातला अपवाद तोच. बाकी सगळी भावंडं ईरेसारखी चालतात. आम्बीरे मात्र सरळ चौथ्या गणाप्रमाणे चालतं: आम्बिओ, आम्बिउन्त्. अर्थ, भोवती फिरणं. निवडणुकीचे उमेदवार मतांसाठी लोकांत फिरत त्यालाही हाच शब्द. त्यावरून ‘आम्बितिओ’, महत्त्वाकांक्षा, आणि ‘आम्बितुस्’, निवडणुकीतली लाचलुचपत. इ.स.पू. ६३ साली कॉन्सल (रोमचा सर्वोच्च अधिकारी) असताना वक्ता सिसेरोने या गुन्ह्याविरुद्ध कायदा करून घेतला आणि त्याच वर्षी, त्याच आरोपाखाली सापडलेल्या मुरेनाचं वकीलपत्रही घेतलं. नाम ‘आम्बितुस्’, पण धातुसाधित ‘आम्बीतुस्’ (वेढलेला): इथेही ऱ्हस्व-दीर्घच अर्थ ठरवतो.

उपसर्गाने क्रियापद सकर्मक झालं की त्याला खरा कर्मणी प्रयोग मिळतो. सीझर ऱ्होन नदीबद्दल लिहितो, ‘इस्क्वे नोन् नूल्लीस् लोकीस् वादो त्रान्सीतुर्’: ती काही ठिकाणी उथळ जागेतून पायी ओलांडली जाते. इथे नदी कर्ता आहे, भावे प्रयोग नाही. आणि ‘वादो’ हे ‘वादेरे’चं ‘मी जातो’ नव्हे. ‘वादुम्’ म्हणजे नदीतली पायी ओलांडता येणारी उथळ जागा, त्याचं हे ॲब्लेटिव्ह रूप. एका वाक्यात दोन सापळे.

वादेरेचं नाव निघालंच आहे. अभिजात लॅटिनमध्ये ‘वादेरे’ म्हणजे झपाट्याने, ठरवून जाणं, आणि साध्या रूपात त्याला पूर्ण भूतकाळ नाही. तो उपसर्गाबरोबरच येतो: इन्वासित्, एवासित्. ‘केदेरे’ मागे सरणं, वाट देणं. ‘ग्रादी’ पाऊल टाकणं. ‘प्रोफिकिस्की’ प्रवासाला निघणं. शब्द बदलला की चाल बदलते, आणि हे पाहायचं तर सिसेरोच्या, कटाचा म्होरक्या कॅटिलिना याच्याविरुद्धच्या दुसऱ्या भाषणातले चार शब्द पुरेसे आहेत. कॅटिलिना शहर सोडून गेल्यावर तो म्हणतो: ‘आबिइत्, एक्स्केस्सित्, एवासित्, एरूपित्’. निघून गेला, मागे हटला, निसटला, फोडून बाहेर पडला. सुरुवात ईरेने, कारण ते सगळ्यात कोरं. पुढे प्रत्येक शब्दाला जोर वाढतो. भाषांतरात चारही ठिकाणी ‘गेला’ लिहिलं तर काही उरत नाही.

ठरीव वाक्प्रचार काही पाठच करावे लागतात. ‘ओब्विआम् ईरे’ अधिक चतुर्थी, एखाद्याला सामोरं जाणं. ‘पेस्सुम् ईरे’, रसातळाला जाणं. ‘ईन्फितिआस् ईरे’, नाकबूल करणं. सीनेटमध्ये मतदानाला ‘पेदिबुस् इन् सेन्तेन्तिआम् ईरे’ म्हणत, पायांनी मताकडे जाणं, कारण सभासद ज्याच्या बाजूचे त्याच्याकडे खरंच चालत जात. या वाक्प्रचारांत शब्दशः अर्थ लावायला गेलं की परिच्छेद बिघडतो.

पुढे बोलीतल्या लॅटिनला या आखूड रूपांची अडचण होऊ लागली, आणि वादेरेने त्यांची जागा घ्यायला सुरुवात केली. लॅटिन बायबलच्या मत्तयाच्या आठव्या अध्यायात हे स्वच्छ दिसतं. शताधिपती सांगतो, मी एकाला म्हणतो ‘वादे, एत् वादित्’, जा, आणि तो जातो. अभिजात लॅटिनमध्ये इथे ‘ई’ आणि ‘इत्’ आलं असतं. त्याच अध्यायात पुढे दुष्टात्म्यांना आज्ञा होते ती मात्र ‘ईते’. एकवचनी ‘ई’ हटलं, दोन अक्षरांचं ‘ईते’ टिकलं. हीच फाटाफूट पुढच्या भाषांत कायम झाली. फ्रेंचमध्ये ‘मी जातो’ हे वादेरेवरून, ‘मी जाईन’ हे ‘इरे’ अजून ईरेवरून, आणि ‘जाणं’ हे ‘आले’ तिसऱ्याच ठिकाणाहून. स्पॅनिशमध्ये ‘जाणं’ म्हणजे ‘इर’, ‘मी जात होतो’ म्हणजे ‘इबा’, थेट ईबाम्. ‘मी जातो’ म्हणजे ‘वोय’, वादेरेवरून. आणि ‘मी गेलो’ म्हणजे ‘फुई’, तेही मुळात ‘असणं’ या क्रियापदाचं. मराठीतही ‘जातो’ हे ‘याति’वरून आणि ‘गेला’ हे ‘गत’वरून आलं आहे.